विषय : ताण देणेबाबत

नव्या इमारतीत जागा दोनच उरल्या होत्या आणि शाखाही दोनच उरल्या होत्या, तेव्हा खरं तर भांडण व्हायचं काही कारण नव्हतं. पण त्यातली एक जागा म्हणजे तळमजल्यावरचं उत्तरेकडचं दालन. जाड भिंती, खिडकीबाहेर कडुलिंब, आणि भर दुपारी चप्पल काढून पाय टेकवावेत इतकी गार फरशी. दुसरी जागा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. सोलापुरात एप्रिल महिन्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्याने तव्यावरच्या भाकरीला विचारावं.

आस्थापना शाखेचे अधीक्षक हिंदुराव यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. दोन वर्षं म्हणजे दोन उन्हाळे. गेल्या मे महिन्यात जुन्या इमारतीतच त्यांना घेरी आली होती आणि टेबलावरच्या फायलीवर डोकं टेकून ते वीस मिनिटं पडून होते. साहेब फाईल बारकाईने वाचताहेत असं समजून कुणी हलवलंही नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, घरच्यांना बोलवा." त्यामुळे उत्तरेकडचं दालन त्यांना मिरवायला नको होतं, जिवंत राहायला हवं होतं.

भांडार शाखेचे प्रमुख सोमशेखर यांचं म्हणणं वेगळं होतं. कागदाचे गठ्ठे, खुर्च्या, कपाटं, फिनेलचे कॅन एवढं सगळं सामान गच्चीवर चढवायचं कुणी आणि उतरवायचं कुणी? त्यांचंही खरंच होतं. दोन्ही बाजूंचं खरं असलं की सरकारी फाईल जाडजूड होते. ही अकरा महिन्यांत दोनशे बारा पानांची झाली आणि शेवटी मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी ती वाचली नाही, नुसती हातात घेऊन वजन पाहिलं, आणि वर हिरव्या शाईने शेरा मारला: "दोन्ही शाखांतील ओढाताण खेदजनक आहे. ती आता मैदानावरच मिटवावी. क्रीडा महोत्सवात रस्सीखेच जिंकणाऱ्या शाखेस दालन द्यावे."

साहेबांनी हे चेष्टेत लिहिलं की खरोखर, यावर चहाच्या टपरीवर दोन दिवस चर्चा चालली. पण शेऱ्याखाली सही होती. आणि सही असली की चेष्टेचाही आदेश होतो, एवढं शासनव्यवहार बत्तीस वर्षं पाहिलेल्या हिंदुरावांना कळत होतं. ते तयारीला लागले.

आस्थापना शाखेत आठ माणसं जमवायची म्हणजे सात कारकून आणि एक मायाप्पा. कारकुनांच्या अंगात बळ असतं ते बोटांत. सगळी भिस्त शेवटच्या माणसावर, म्हणजे शिपाई मायाप्पावर होती. तो मैंदर्गीकडचा. घरी मेंढरं. तरणाताठा असताना अडून बसलेला मेंढा खांद्यावर टाकून तो तीन मैल चालत यायचा. आता पन्नाशी आली होती, तरी दोर कमरेला बांधून तो एकदा मागे रेलला की त्याला हलवायला बैलजोडी लागली असती. घरात तो कन्नड बोलायचा, बाहेर मराठी, आणि दोन्हींत कमीच बोलायचा.

सरावासाठी हिंदुरावांनी आवारातली जीप नक्की केली. निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या मंजुरीची वाट बघत ती नऊ वर्षं सायकल स्टँडजवळ उभी होती. चारांपैकी तीन चाकांत अजून हवा होती. तिला दोर बांधून एका दमात किती पावलं ओढता येते ते मोजायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. हिंदुराव वेळापूरकडचे. कार्यालयात ते पुस्तकातली मराठी बोलत, पण चिडले, घाबरले किंवा हर्ष झाला की गावाकडची जीभ सुटायची आणि पहिला बळी 'भ'चा पडायचा. भाकरीची बाकरी व्हायची आणि भांडाराचं बांडार. तर जीप जरा हलली, हिंदुरावांना हर्ष झाला आणि ते ओरडले, "बिड रे, मायाप्पा! बिड रे!"

मायाप्पाने तत्काळ दोर सोडला. सात कारकून एकमेकांच्या अंगावर तोंडघशी पडले आणि जीप होती तिथे परत आली.

"आरं, सोडलास का?" हिंदुराव ओरडले.

"तुमीच म्हनलासा की, साहेब."

"मी भिड म्हणालो! भिड! जोर लाव!"

"तसं व्हय," मायाप्पा म्हणाला. "आमच्या कन्नडात बिड्री म्हंजे सोडा. मी सहा वर्सं बांडारात काडली न्हवं? तितं चौघांनी मिळून खोकं उचलायचं, जाग्यावर न्यायचं, आन् सोमशेखरसाहेब वरडले बिड्री, की समद्यांनी एकदम सोडायचं. एकानं जरी उशीर केला तरी दुसऱ्याचा पाय चेपला म्हनून समजा. ते कानात बसलंय. हात आपसुक सुटतोय."

हिंदुरावांनी गळ्यातला पंचा झटकला. "हे बघ, दोर हातात असेपर्यंत फक्त मराठीत ऐकायचं. समजलं?"

"व्हय. दोर हातात, तवर मराठी," मायाप्पा म्हणाला, आणि त्याने ते आदेशासारखं मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दमात जीप दहा पावलं सरकली.

दहा पावलं चांगली होती. तिथेच थांबायचं, तर हिंदुरावांना पुण्याचं प्रशिक्षण आठवलं. गेल्याच महिन्यात ते 'आरोग्य व कार्यक्षमता' या तीन दिवसांच्या वर्गाला जाऊन आले होते. तिथून त्यांना एक कापडी पिशवी, एक पाण्याची बाटली आणि एक चकचकीत पुस्तिका मिळाली होती. पिशवी त्यांच्या पत्नी सोनाबाईंनी भाजीला नेली, बाटली गळत होती, राहता राहिली पुस्तिका. तिच्यात स्नायूंना ताण देण्याचे सोळा प्रकार चित्रांसह दिले होते: शरीर ताणून एकाच स्थितीत स्थिर राहावे, हलू नये, प्रत्येकी दोन मिनिटे. ते कधी करावं हे पान आठवर होतं. पान आठ पुस्तिकेत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कार्यालय सुटल्यावर आस्थापना शाखा ताण देऊ लागली. आठ माणसं एका ओळीत एका पायावर उभी आहेत, दुसऱ्या पायाचा घोटा हातात धरला आहे आणि हिंदुराव घड्याळ बघताहेत, हे दृश्य पाहायला पेन्शनर लोक मुद्दाम वेळ काढून येऊ लागले. बत्तीस मिनिटं ताण देऊन झाला की जीप ओढायची. त्या दिवशी ती सात पावलं गेली. तिसऱ्या दिवशी सहा.

"साहेब," मायाप्पा म्हणाला, "ह्यानं अंग लई निवांत व्हतंय. जेवून लवंडल्यावानी. वडायचं मनच करंना."

"सवय नाही म्हणून," हिंदुराव म्हणाले. "उद्यापासून अडीच मिनिटं."

मायाप्पाला न्यायला त्याची मुलगी सृष्टी स्कूटीवरून यायची. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. चौथ्या दिवशी ती लवकर आली, स्कूटीवर बसून सगळा प्रकार तिने पाहिला आणि शेवटी न राहवून ती पुढे आली.

"सर, ओढायच्या अगोदर एवढा वेळ नका ना करू हे."

"का? शास्त्रीय आहे," हिंदुरावांनी पुस्तिका दाखवली.

"ताणणं वाईट नाही, सर. अंग मोकळं राहतं. पण एकेक स्नायू मिनिटाच्या वर असा स्थिर ताणून धरला आणि लगेच जोर लावायला गेलं, तर ताकद थोडी कमी पडते. स्नायू ढिला होतो आणि त्याला वरून येणारा निरोपही जरा मंद होतो. थोड्या वेळानं परत होतं पहिल्यासारखं. आमच्या सरांनी आमच्यावरच प्रयोग केला होता. जोर लावायचा असेल तर त्याआधी चाला, हातपाय झुलवा, हलके झटके द्या. हे ताणणं नंतर करा, खेळून झाल्यावर."

"म्हंजे नाडीतलं इलॅस्टिक," मायाप्पा म्हणाला. "वडून ठिवलं की ढिलं."

"तसंच नाही, अप्पा. पण चालेल."

सात कारकुनांनी आशेने हिंदुरावांकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आपल्यापेक्षा लहान माणसाचं आणि तेही तोंडी सांगितलेलं हिंदुरावांनी कधी ऐकलं नव्हतं. पण प्रश्न दोन उन्हाळ्यांचा होता. त्यांनी पाचव्या दिवशी ताण न देता, नुसत्या आवारात चार फेऱ्या मारून जीप ओढवली. दहा पावलं, वर अर्धं. सहाव्या दिवशी ताण देऊन ओढवली. सहा. शास्त्र आणि जीप यांचं एकमत झालं होतं.

दुसरा कुणी असता तर त्याने पुस्तिका रद्दीत टाकली असती. हिंदुरावांनी ती हातात घेतली आणि जोतिरामला हाक मारली. जोतिराम शाखेतला लिपिक, टंकलेखनात तरबेज, आणि दोरावर पहिल्या नंबरला उभा राहायचा.

"घे लिहून. परिपत्रक. विषय: क्रीडा स्पर्धेपूर्वी कर्मचाऱ्यांना ताण देणेबाबत."

"साहेब, त्याला परिपत्रक कशाला? तो रोजच मिळतो."

"लिही. सर्व शाखांतील खेळाडूंनी स्पर्धेपूर्वी सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे प्रत्येक स्नायूस दोन मिनिटे स्थिर ताण देणे बंधनकारक राहील. केल्याबाबतचा अनुपालन अहवाल छायाचित्रांसह सादर करावा."

जोतिरामच्या बोटांना उशिरा का होईना, अर्थ लागला. त्याने वर पाहिलं. "साहेब, म्हणजे भांडारवाल्यांचं इलॅस्टिक..."

"मी काही म्हणालो नाही. मला कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी आहे."

"पण सर्व शाखांत आपलीपण आली की."

"आपल्या शाखेला मी तोंडी सांगेन," हिंदुराव म्हणाले. चेहरा त्यांनी गंभीर ठेवला होता, पण आवाजातला 'भ' डळमळीत झाला होता. "बांडाराला कागद जाऊ दे."

परिपत्रक मोठ्या साहेबांच्या सहीला रजेच्या अकरा अर्जांच्या मधोमध गेलं आणि सही होऊन आलं.

भांडार शाखेत सोमशेखरांनी ते दोनदा वाचलं. ताण म्हणजे काय आणि स्नायू म्हणजे काय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते आस्थापनेकडून आलंय आणि त्याला अहवाल मागितलाय, एवढं पुरेसं होतं. त्यांनी आपली आठ माणसं बोलावली. वळसंग, मैंदर्गी, अक्कलकोटकडची गडी माणसं, दिवसभर ओझी वाहणारी.

"एन्री हे? एका पायावर उभारायचं?" त्यातल्या सिद्धाप्पाने चित्र बघून विचारलं.

"फोटो निघंस्तोवर उभारायचं," सोमशेखर म्हणाले. "फोटो निघाला की पाय खाली. सोळा फोटो, सोळा मिनिटांत काम संपलं पाहिजे. गोडाऊनला गाडी लागलीय."

सोळा मिनिटं लागलीच नाहीत, नऊ लागली. संध्याकाळी रंगीत छायाचित्रांसह अनुपालन अहवाल आस्थापना शाखेत पोचला. एका पायावर ताटकळत उभा असलेला सिद्धाप्पा पाहून हिंदुरावांना इतकं समाधान वाटलं, की त्यांनी अहवालावर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला आणि सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच करावं म्हणून फोनवर आठवणही केली. सोमशेखर म्हणाले, "व्हय व्हय, करतो की."

फेब्रुवारी संपत आला होता. सामना सकाळी दहाला. ऊन आत्ताच डोक्यात जात होतं, आणि तापलेलं मैदान पाहून हिंदुरावांना पत्र्याची खोली आठवत होती. त्यांच्या माणसांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या होत्या, हात झुलवले होते. मायाप्पा पायाने जमीन उकरून टाच रोवायला जागा करत होता. सृष्टीही बापाचा खेळ पाहायला आली होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि मोठे साहेब ठरल्यापेक्षा अर्धा तास लवकर आले.

साहेबांच्या हातात परिपत्रक होतं. आपण सही केलेला कागद साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच वाचला होता आणि तो त्यांना अतिशय आवडला होता.

"हिंदुराव! ही कल्पना तुमच्या शाखेची ना? फार चांगलं. संपूर्ण राज्यात असं कुठे नसेल. आता सगळ्यांसमोर एकदा प्रात्यक्षिक होऊन जाऊ द्या."

हिंदुरावांनी गळ्यातला पंचा सावरला. "साहेब, ते... सामन्यानंतर केलं तर?"

"परिपत्रकात 'स्पर्धेपूर्वी' लिहिलंय तुम्हीच."

"मग दोन्ही शाखांनी मिळून करू, साहेब. समान संधी."

सोमशेखर तत्परतेने पुढे आले. "आमचं अनुपालन झालंय, साहेब. अहवाल सादर आहे. वर शेरा पण आहे, हिंदुरावसाहेबांचाच. उत्कृष्ट."

"मग त्यांना परत कशाला त्रास?" साहेब म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे घेतलं. "हं. पहिला स्नायू."

ताकद कमी होते म्हणून नको, असं म्हणावं तर मग परिपत्रक का काढलं, हा प्रश्न पुढे उभा. हिंदुरावांनी आपल्या माणसांना हात केला. आठ माणसं ओळीत उभी राहिली आणि ताण द्यायला लागली. सात कारकून तरी नुसतं नावाला वाकत होते. मायाप्पाला तेवढंही जमत नव्हतं. साहेबांची सही असलेला कागद होता, त्याने प्रत्येक स्नायू मन लावून ताणला.

"उजवा झाला. आता डावा," साहेब म्हणत होते.

पाचव्या प्रकाराला फोटोग्राफर आला. आधीचे चार फोटोत आले नाहीत म्हणून ते पुन्हा घेण्यात आले. चाळीस मिनिटांनी मायाप्पा दोराशी आला तेव्हा त्याचे डोळे अर्धे मिटले होते.

"कसं वाटतंय?" हिंदुरावांनी हळूच विचारलं.

"लई ग्वाड वाटतंय, साहेब. झोप येतीया."

हिंदुरावांनी प्रेक्षकांत पाहिलं. सृष्टी त्यांच्याकडेच पाहत होती. हिंदुरावांना खरोखर लाज वाटली. पोरीने विश्वासाने सांगितलेलं शास्त्र आपण कशाला वापरलं, हे तिला कळलं असणार.

साहेबांना पुढे बैठक होती, म्हणून एकच डाव ठरला. शिट्टी वाजली. दोर ताठ झाला. पहिलं अर्धं मिनिट तो कुठेच गेला नाही आणि हिंदुरावांच्या जिवात जीव आला. मग मधली लाल चिंधी भांडाराच्या बाजूला सरकू लागली. एक वीत. दोन विती. जोतिरामच्या चपलांनी मातीत दोन लांब रेघा ओढल्या. मायाप्पाची रोवलेली टाच उकरलेल्या खड्ड्यातून बाहेर आली, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या रेघेला दीड हात उरला होता. दीड हात, आणि पलीकडे दोन उन्हाळे.

हिंदुराव दोराच्या मध्यावर धावले. पद, वय, पुस्तकातली मराठी, सगळं विसरून ते दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडले, "बिड रे! बिड रे! बिड रे!"

भांडार शाखेच्या आठही माणसांनी एकदम दोर सोडला.

एकानेही उशीर केला नाही. वर्षानुवर्षांची सवय होती, कुणाचा पाय चेपला जायला नको होता. आस्थापना शाखा धाडकन उताणी पडली, सगळ्यात खाली मायाप्पा, पण त्याच्या मुठीत दोर तसाच होता. दोर हातात, तवर मराठी. लाल चिंधी उडून आस्थापनेच्या रेघेपलीकडे दोन हात जाऊन पडली. पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. समोरच्याने दोर सोडला तर काय, हे त्यात होतं. तो हरतो.

"अय्यो, सोडला का रे?" सोमशेखर डोक्याला हात लावून म्हणाले.

"तुमीच म्हनलासा न्हवं बिड्री?" सिद्धाप्पा रिकाम्या हातांकडे बघत म्हणाला.

गुलाल उधळला गेला. साहेबांनी माईक हातात घेतला. "मित्रहो, आस्थापना शाखा हरत होती. पण अखेरच्या क्षणी विरोधकांना दोर सोडावा लागला, इतका जोर त्यांनी लावला! हा जोर आला कुठून? ताणातून! चाळीस मिनिटं आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. बरोबर ना, हिंदुराव? तुम्हीच सांगा."

माईक हिंदुरावांच्या तोंडापुढे आला. खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागत होत्या: एक म्हणजे ताणाने ताकद कमी होते, आणि दुसरी म्हणजे हे आपल्याला आठ दिवसांपासून माहीत होतं. समोर दालन होतं. समोर सृष्टीही होती.

"ताण दिल्याने," हिंदुराव म्हणाले, "शक्ती वाढते."

सृष्टीने स्कूटीची किल्ली काढली आणि ती बापाला शोधायला निघून गेली.

गुढीपाडव्याच्या आधी नवा आदेश निघाला. ताणाचे फायदे सिद्ध झाल्याने सर्व कर्मचाऱ्यांनी रोज सकाळी कामाच्या आधी बत्तीस मिनिटे ताण द्यावा. त्यासाठी प्रशस्त, गार आणि हवेशीर जागा लागणार. तशी इमारतीत एकच होती. उत्तरेकडचं दालन शेऱ्याप्रमाणे आस्थापना शाखेस देण्यात येत आहे, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. दालनाची किल्ली, झाडलोट आणि हजेरीवही ही जबाबदारी आस्थापना शाखेची. बसण्यासाठी आस्थापना व भांडार या दोन्ही शाखांची व्यवस्था गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत करण्यात येत आहे. दोघांत मिळून एक पंखा.

त्या दालनात रोज सकाळी साठ माणसं एका पायावर उभी राहू लागली. हिंदुराव हजेरीवहीवर पहिली सही करत आणि खिडकीशी कडुलिंबाच्या सावलीत नुसते उभे राहत. स्वतः त्यांनी एक दिवसही ताण दिला नाही. त्यांना काय माहीत होतं ते त्यांना माहीत होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी, ताण देऊन झाल्या झाल्या, सामान वर चढवायला सुरुवात झाली. पहिलंच हिंदुरावांचं लोखंडी कपाट, आतल्या फायलींसकट, कारण फायली काढल्या तर क्रम बिघडेल असं त्यांनीच बजावलं होतं. वरच्या बाजूने मायाप्पा आणि सिद्धाप्पा, मध्ये जोतिराम आणि आणखी दोघं. हिंदुराव छातीशी आवक-जावक रजिस्टर धरून मागून येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. तिरकं झालं. मग ते हळूहळू खाली, हिंदुरावांच्या दिशेने सरकू लागलं. मागे भिंत होती.

"बिड रे!" हिंदुराव किंचाळले. "बिड..."

पाचही जणांचे हात होते तिथेच थांबले. वरून मायाप्पाचा शांत आवाज आला. "सिद्धाप्पा, सोडू नगंस. साहेब, हे मराठीत घ्यायचं का कन्नडात?"

"मराठीत! मराठीत! उचला! वर उचला!"

"उचलतो की. पन जरा दम खावा. सृष्टी म्हनती, ताण दिल्यावर थोडा येळ ताकद न्हाई ऱ्हात. आमी समद्यांनी आत्ताच दिलाय." मग मायाप्पा अगदी आदराने म्हणाला, "तुमी तेवढा न्हाई दिला, साहेब. मी रोज बगतोय की. आता ताकद काय ती तुमच्यातच शिल्लक हाय. तवर तुमी धरा."

हिंदुरावांनी रजिस्टर पायरीवर ठेवलं आणि कपाट धरलं.